पौषातली फुलगळ

तार-काठीच्या बांधणीवर आज लिहिणार होतो. ते पुढच्या आठवड्यात. सेनगावहून एका वाचक ताईंचा निरोप आलाय आणि त्याचं उत्तर थंडी आहे तोवरच द्यायला हवं. रोपं नोव्हेंबरच्या मध्याला लावली, झाडं कमरेला लागली, फुलांनी लगडली, पण भेदरं, म्हणजे टोमॅटो, एक नाही. मूठभर युरिया टाकू का, की उपटून मेथी करू, असं त्या विचारतात.

ताई, यातलं काहीच करू नका.

गळालेलं एक फूल तळहातावर घ्या. देठाच्या मधोमध बारीक गाठ असते. फूल बरोब्बर तिथूनच सुटलेलं दिसेल. अळीने तोडलेलं नाही, झाडाने सोडून दिलंय, कारण फळ धरलंच नाही. टोमॅटोच्या फुलात मधोमध जो पिवळा सुळका दिसतो, त्याच्या आत पराग असतो. ताजं फूल मोबाइलच्या काळ्या काचेवर धरून टिचकी मारून बघा. दिवाळीच्या सुमारास काचेवर पिवळसर पीठ सांडतं. पौषात काच जवळजवळ कोरडी राहते.

याचं मूळ रात्रीत आहे. फ्रिट्स वेंट नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियात तापमान हवं तसं ठेवता येणाऱ्या खोल्यांत टोमॅटो वाढवले आणि 1944 साली दाखवून दिलं, की भरघोस फळ धरायला रात्र 15 ते 20 अंशांची लागते. 13 च्या खाली परागाचं काम बिघडतं. आपल्याकडे या दिवसांत दुपारी सदरा नको वाटतो, म्हणून आपण फसतो. पहाटे पारा 10-12 वर आलेला असतो. कयाधूकाठच्या सखल मळ्यात गार हवा साचते, तिथे माळापेक्षाही जास्त फुलं गळतात. युरियाने नुसता पाला माजेल.

एका पौषात मीही अशीच वीस झाडं उपटली होती. शेजाऱ्यांनी त्यांची ठेवली आणि होळीपर्यंत टोपल्या भरून भेदरं खाल्ली. ती वीस झाडं अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. रात्री उबदार झाल्या की त्याच झाडाला नवी फुलं येतात आणि ती धरतात. तोवर संध्याकाळी गोणपाट किंवा जुनं लुगडं काठ्यांवर टाका, सकाळी उन्हं आली की काढा. माती कोरडी पडू देऊ नका. ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते. दहा-अकराच्या सुमारास फुलांच्या घोसाला हलकी टिचकी मारत जा. एरवी हे काम भुंगा करतो, पण गारठ्यात तो उशिरा निघतो.

पुढच्या वर्षी बी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात टाका, म्हणजे नोव्हेंबरातच फळ धरून जाईल. उशीरच झाला तर ‘पुसा शीतल’ लावा; दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचं हे वाण 8 अंशांच्या रात्रीतही फळ धरतं.

उन्हाळी टोमॅटोचं बी आत्ता टाकणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगतो. 25 अंशांच्या मातीत बी सहा दिवसांत वर येतं, 15 अंशांत चौदा दिवस घेतं, 10 अंशांत जवळजवळ त्रेचाळीस. उघड्या वाफ्यात बी कुजलं म्हणून दुकानदाराला बोल लावण्याआधी हे आठवा. माझी आई बियांची पुरचुंडी ओल्या फडक्यात बांधून चुलीमागच्या कोनाड्यात ठेवायची. चौथ्या-पाचव्या दिवशी उघडली की पांढरे मोड दिसायचे, मग ती ते बोटाने एकेक करून राखमिश्रित मातीत सोडायची. रोपांवर रात्री कोंबड्यांचं डालं पालथं आणि वर पोतं. जानेवारी सरेपर्यंत हे रोज चालायचं. मार्चच्या अखेरीस ऊन तापलं की पुन्हा फुलगळ सुरू होते, त्यामुळे या लावणीला मधले पाच-सहा आठवडेच मिळतात. म्हणूनच आई इतकी घाई करायची.

ताई, संक्रांतीनंतर उमलणाऱ्या घोसांना लाल दोरा बांधून ठेवा. कोणत्या तारखेच्या घोसाला पहिलं भेदरं धरलं, तेवढं मला कळवा.