छर्रे का विखुरतात? ठासणीची बंदूक आणि कारणाचा शोध

आजच्या विषयाचं नाव ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञानाच्या माणसाचा बंदुकीशी काय संबंध? संबंध आहे, कारण कार्यकारणभाव शिकवायला इतकं सोपं उदाहरण क्वचितच मिळतं.

कोकणात शेतीसंरक्षणासाठी परवाना घेऊन बाळगलेली ठासणीची बंदूक तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. मी बोलतोय ते एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या, पक्ष्यांच्या शिकारीच्या छर्‍यांच्या बंदुकीबद्दल. तोंडातून आधी काळी दारू, मग बोळा, मग छर्रे आणि वर एक पातळ चकती, असं गजाने ठासायचं. नळी सरळ, तोंडाशी निमुळती नाही. नळीचं तोंड आवळून छर्रे एकत्र राखण्याची युक्ती, म्हणजे ‘चोक’, इंग्लंडमध्ये रुळली ती १८७०च्या दशकात. त्याआधी जे काही साधायचं ते भरण्यातूनच.

छर्‍यांचा फैलाव मोजायची रीत अशी : ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे ३६ मीटरवर, मोठा कागद लावायचा, बार काढायचा आणि ३० इंच व्यासाच्या वर्तुळात किती छर्रे बसले ते मोजायचे. सरळ नळीतून साधारण ४० टक्के बसतात. सहा नंबरचे इंग्लिश छर्रे एका औंसात २७० भरतात, म्हणजे वर्तुळात आले १०८. तेही सारखे पसरत नाहीत, मध्येच मोठी भोकं राहतात. त्या भोकात सापडलेला पक्षी मरत नाही. एखाद-दुसरा छर्रा लागून तो झुडपात जातो आणि तिथे तडफडत राहतो. प्रश्न नुसत्या नेमबाजीचा नाही, तो हा आहे.

आता साहजिकच कुणालाही वाटतं, दारू वाढवा. इथेच गंमत आहे. शिसं मऊ. धक्का जोराचा बसला की तळचे छर्रे चेपतात, कडेचे नळीला घासून चपटे होतात. चपटा छर्रा हवेत सरळ जात नाही, भरकटतो. म्हणजे जोर वाढला आणि फैलाव बिघडला! जुने जाणकार दारू बेताची ठेवत. दारू आणि छर्रे एकाच मापाने, सारख्या आकारमानाचे घेणं ही सुरुवातीची चांगली जोडी. अर्थात त्या बंदुकीला सोसेल त्या मर्यादेतच.

बाकीच्या गोष्टीही तितक्याच साध्या. दारूवर जाड पुठ्ठ्याची घट्ट चकती हवी, नाहीतर वायू कडेने निसटून छर्‍यांत घुसतो. तिच्यावर मऊ नमद्याचा बोळा, धक्का झेलायला. छर्‍यांवरची चकती मात्र पातळच, छर्रे धरून ठेवण्यापुरती. जाड असेल तर ती छर्‍यांच्याच वाटेत येते. अँटिमनी मिसळलेले कठीण छर्रे कमी चेपतात. आणि दारू-बोळ्यामध्ये पोकळी कधीच राहू द्यायची नाही. त्यात नळी फुटण्याचा धोका असतो.

यातलं नेमकं कशानं सुधारलं, हे कसं कळणार? इथे जॉन स्टुअर्ट मिल येतो. १८४३च्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात त्याने व्यतिरेक पद्धती मांडली : बाकी सगळं तेच ठेवून एकच गोष्ट बदला, फळ बदललं, तर कारण तिथे आहे. दारूही कमी केली, बोळाही बदलला, आणि कागद चांगला दिसला, तर श्रेय कुणाला द्यायचं? सांगता येत नाही. शिवाय एका बारावर जायचं नाही. तीच भरणी असूनही दोन कागद सारखे येत नाहीत. निदान पाच बार, पाच कागद, आणि मग सरासरी.

इतकं करूनही सरळ नळीची मर्यादा राहतेच. ३० यार्डांवर साधारण ६० टक्के छर्रे वर्तुळात येतात, ४०वर ४०. मग शहाणपण कशात? आपला कागद जिथवर भरलेला दिसतो, तिथवरच बार काढायचा. त्यापलीकडचा पक्षी जाऊ द्यायचा. ज्ञान आपल्याला काय करता येईल ते सांगतं, आणि कुठे थांबायचं तेही. हा दुसरा भाग आपण फार लवकर विसरतो.