सलग ८० मॅच हरलेल्या कॉलेज टीमचं नेमकं काय चुकलं होतं?

२६ सप्टेंबर १९९८. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत एका कॉलेज टीमने लँगस्टन युनिव्हर्सिटीला १४-१२ असं हरवलं. ही फायनल नव्हती, समोरची टीमही फार तगडी नव्हती. तरी या निकालाची देशभर बातमी झाली. कारण जिंकलेली टीम त्याआधी ओळीने ८० मॅच हरली होती.

टीमचं नाव प्रेअरी व्ह्यू ए अँड एम. खेळ अमेरिकन फुटबॉल, म्हणजे आपला पायाने खेळायचा नाही, तर अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचा.

आधी ही टीम कशी होती?

एकदम जबरदस्त. टेक्सासमधलं हे कॉलेज १८७६ साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी सुरू झालं. कोच बिली निक्स यांच्या काळात, १९५३ ते १९६४ दरम्यान, टीमने कृष्णवर्णीय कॉलेजांचं राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवलं. पुढे एनएफएलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलेला केन ह्यूस्टन इथलाच.

मग बिनसलं कुठे?

पहिलं कारण थोडं विचित्र आहे, कारण ते एका चांगल्या बदलातून आलं. दक्षिणेतली मोठी कॉलेजं पूर्वी कृष्णवर्णीय खेळाडूंना घेत नव्हती. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ही दारं उघडू लागली आणि गुणी पोरं मोठ्या स्टेडियमकडे, मोठ्या बजेटकडे वळली.

दुसरं कारण पैसा. आर्थिक गैरव्यवस्थापनामुळे १९९० मध्ये फुटबॉल बंद ठेवावा लागला. १९९१ मध्ये टीम परतली, पण स्कॉलरशिपशिवाय.

स्कॉलरशिपने एवढा काय फरक पडतो?

अमेरिकेत चांगल्या खेळाडूची फी, राहणं आणि जेवण यांचा खर्च कॉलेज उचलतं. त्यामुळे शाळेत चमकलेला मुलगा जिथे स्कॉलरशिप मिळते तिथेच जातो. प्रेअरी व्ह्यूकडे द्यायला काहीच नव्हतं. जे विद्यार्थी स्वखर्चाने शिकत होते, त्यांच्यातूनच टीम उभी करायची आणि स्कॉलरशिपवर निवडलेल्या खेळाडूंसमोर उतरवायची. हरले की नाव खराब, नाव खराब म्हणून नवे खेळाडू येत नाहीत, आणि खेळाडू नाहीत म्हणून पुन्हा हार.

१९९१ ते १९९७ असे सात सीझन एकही विजय मिळाला नाही. कॉलेजात खेळाडूला चारच सीझन खेळता येतात. म्हणजे १९९१ मध्ये आलेली मुलं चारही सीझन खेळून एकदाही न जिंकता बाहेर पडली. तरी दर शनिवारी टीम मैदानात उतरत होती.

एका विजयाने सगळं बदललं का?

नाही. हरलेल्या मॅचपेक्षा जिंकलेल्या जास्त, असा सीझन यायला २००७ उजाडलं. १९७६ नंतर पहिल्यांदाच असं घडलं होतं. २००९ मध्ये टीमने आपल्या विभागाचं विजेतेपदही पटकावलं, तब्बल ४५ वर्षांनी.

८० पराभवांचा विक्रम आजही याच टीमच्या नावावर आहे. तो वाचताना पोरं कमी पडली असं वाटतं. पण सात वर्षांच्या हिशोबात खेळाडू बदलले, तरी निकाल तोच राहिला. जी गोष्ट बदलली नाही, ती मैदानाबाहेर होती.