वीतभर पाणी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी कविता लिहिणारा माणूस. आम्हा कवींच्या ओळींत पाखरं फार. पण खरं सांगायचं तर पन्नाशी उलटेपर्यंत मला ओळखता येणारे पक्षी चारच होते: कावळा, चिमणी, पोपट आणि बगळा. बाकी सगळ्यांना ‘पाखरू’ म्हणून मी वेळ मारून नेत होतो. एका पक्षिवेड्या मित्रानं हे बरोबर हेरलं आणि जानेवारीतल्या एका पहाटे मला नांदूर मधमेश्वरला नेलं.

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्या एकमेकींना भेटतात. तिथं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बांधलेला बंधारा आहे. हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. पाऊस घाटमाथ्यावर पडून जातो, इकडे ढग रिकामेच येतात. म्हणून नदीचं पाणी अडवायचं आणि कालव्यांनी खाली कोपरगाव, राहात्याकडच्या शेतांना द्यायचं, एवढाच त्या बांधकामाचा हेतू. पाखरांचा विचार त्यात कुणी केला नव्हता.

आम्ही चापडगावच्या बाजूला मनोऱ्यावर चढलो. धुकं होतं. दिसत काहीच नव्हतं, पण पाणी बोलत होतं. मग धुकं विरळ झालं आणि मित्र एकेक नाव सांगू लागला. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा लावलेला, जथ्यानं फिरणारा तो ‘वारकरी’. चोचीच्या टोकाला पिवळा आणि बुडाशी तांबडा ठिपका, ते ‘हळदीकुंकू’ बदक. डोळ्यावर पांढरी रेघ, ते ‘भिवई’ बदक. शेपटीचं टोक लांब निघालेलं ‘तलवार’ बदक. चपट्या चोचीचा ‘थापट्या’. गुलाबी काटक्यांवर उभा असावा तसा ‘शेकाट्या’. मी दुर्बीण खाली ठेवली आणि वही काढली. ही नावं कुणी ठेवली असतील? मारुती चितमपल्लींनी असे शब्द रानावनातल्या माणसांकडून आयुष्यभर गोळा केले आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. आम्ही शहरात बसून प्रतिमा शोधत होतो, आणि इथं बांधावरच्या माणसांनी त्या केव्हाच पाखरांच्या अंगावर घालून ठेवल्या होत्या.

मग मी मित्राला एक बाळबोध प्रश्न विचारला. महाराष्ट्रात धरणं काय कमी आहेत? मग एवढी पाखरं इथंच का?

तो म्हणाला, ‘‘गाळामुळे.’’

पुराबरोबर दोन्ही नद्यांनी माती आणली. बंधाऱ्यामागं पाणी संथ झालं की ती खाली बसते. शंभर वर्षांत तिचे थरांवर थर साचले, बेटं झाली, पाणथळ झाली. पाणी पसरलं, पण उथळ झालं. थापट्याच्या चोचीला आतून फणीसारखे दात असतात. तो वरवरचं पाणी गाळून त्यातले बारीक जीव खातो. तलवार बदक शेपूट वर करून डोकं खाली घालतं. मान पोचेल तेवढ्याच खोलीवर त्याचं ताट वाढलेलं असतं. शेकाट्याला त्याच्या पायांच्या उंचीइतकं पाणी लागतं. चमचा नावाचा पांढरा पक्षी चोच पाण्यात घालून डावीकडून उजवीकडे झाडू मारल्यासारखा चालतो. बुडी मारणारी टिबुकली तेवढी खोलात जाते. खोल, कातळकाठाच्या धरणात यांतल्या बहुतेकांची उपासमार होईल. हिमालयापलीकडून हजारो मैल उडत येणाऱ्या बदकांना इथं अथांग पाणी नको असतं, वीतभर पाणी आणि खाली चिखल हवा असतो.

ऐकून मी खूश झालो. परतताना बांधावर एक वयस्कर शेतकरी भेटले. त्यांच्यासमोर मी गाळाचं कौतुक सुरू केलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘तुम्ही पाव्हणे, भाऊ. तुम्हाला गाळात पाखरं दिसत्यात. आम्हाला त्यात आमचं गेलेलं पाणी दिसतं.’’

मी गप्प झालो. बंधाऱ्यात माती साठली म्हणजे पाण्याची जागा गेली. २०१६ आणि २०१९च्या पावसाळ्यात वरच्या अंगाला चांदोरी, सायखेड्यात गोदावरी शिरली, तेव्हा गाळ काढा म्हणून लोकांनी हाक दिली, ती उगीच नव्हे. ज्याच्या घरात पाणी शिरतं त्याला पक्ष्यांची यादी वाचून दाखवणं बरं नव्हे.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९८६ साली हे अभयारण्य झालं. पाणथळींच्या रक्षणासाठी १९७१मध्ये इराणमधल्या रामसर गावी जगातल्या देशांनी करार केला. त्या रामसर यादीत २०२० साली नांदूर मधमेश्वर गेलं, महाराष्ट्रातलं पहिलंच. हा मान बंधाऱ्याला मिळालेला नाही, गाळानं घडवलेल्या पाणथळीला मिळालेला आहे. त्यातच नदीतून सांडपाणी येतं, त्यावर पानवेली माजते आणि उघडं पाणी झाकून टाकते. वर गंगापूर, दारणा धरणांतून आवर्तन सुटलं की पातळी हातभर वर जाते, आणि शेकाट्याची उभं राहायची जागा बुडते.

तेव्हा गाळ काढायचा की ठेवायचा, हा कवीनं सोडवायचा प्रश्न नाही. पण कुठला काढायचा, किती, आणि कोणत्या महिन्यात, एवढं तरी पाखरांकडे पाहून ठरवता येईल. नदीची मुख्य धार मोकळी करणं वेगळं आणि काठचा सगळा चिखल उपसून टाकणं वेगळं. बांधणाऱ्यांनी पाखरांचा विचार केला नाही, कारण तेव्हा इथं ती पाणथळ नव्हती. आता आपल्याला ती सबब उरलेली नाही.

निघताना त्या शेतकऱ्यांनीच मला हाक मारली आणि पाण्याकडे बोट दाखवलं. ‘‘भाऊ, हे वारकरी जमले की आम्ही हरभऱ्याची पेर उरकून घेतो. थंडी आली, असं तेच सांगत्यात.’’

पाण्यावर काळे ठिपके दूरवर पसरले होते. मी वहीत त्यांचं नाव लिहिलं, आणि त्याच्याखाली हरभरा लिहिला.