दुहेरी वापराच्या वस्तूंवरील निर्यात नियंत्रणे आणि विकसनशील अर्थव्यवस्था

१. प्रस्तावना

बेंगळूरु नगर जिल्ह्याच्या आनेकल तालुक्यात बोम्मसंद्र, जिगणी आणि अत्तिबेले या औद्योगिक वसाहती आहेत. तेथे यंत्रांचे सुटे भाग बनवणारी छोटी मशीन शॉप्स आहेत, तसेच औषधांचे कारखानेही आहेत. या दोन्ही उद्योगांना लागणारी काही साधने सैनिकी कामालाही चालतात. पाच अक्षांवर एकाच वेळी चालणारे सीएनसी मशीन पंपाचे पाते कापते, तसेच क्षेपणास्त्राचा भागही कापू शकते. फर्मेंटरमध्ये औषधासाठी सूक्ष्मजीव वाढवता येतात, तसेच जैविक शस्त्रासाठीही. अशा वस्तूंना ‘दुहेरी वापराच्या वस्तू’ म्हणतात.

अशी वस्तू देशाबाहेर पाठवण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन म्हणजे निर्यात नियंत्रण. या बंधनाचा आर्थिक भार कोणावर आणि कसा पडतो, हे आपण या पाठात पाहू.

२. नियंत्रणाची चौकट

शीतयुद्धाच्या काळात पाश्चात्त्य देशांची ‘कोकॉम’ ही व्यवस्था होती. ती १९९४ मध्ये संपली आणि १९९६ मध्ये वासेनार व्यवस्था सुरू झाली. क्षेपणास्त्र तंत्रज्ञानासाठी एमटीसीआर, रासायनिक व जैविक साहित्यासाठी ऑस्ट्रेलिया ग्रूप आणि अणुसाहित्यासाठी अणुपुरवठादार गट आहे. भारत २०१६ मध्ये एमटीसीआरचा, २०१७ मध्ये वासेनारचा आणि २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया ग्रूपचा सदस्य झाला. अणुपुरवठादार गटाचे सदस्यत्व मात्र भारताला मिळालेले नाही.

भारताची स्वतःची नियंत्रण यादी ‘स्कोमेट’ या नावाने ओळखली जाते. तिच्यातील बहुतेक वस्तूंसाठी विदेश व्यापार महासंचालनालय परवाने देते. म्हणजे भारतीय उद्योजकाला हे बंधन दोन्ही बाजूंनी लागू होते: आयात करताना परदेशी सरकारचे आणि निर्यात करताना आपल्या सरकारचे. यादीतील तंत्रज्ञानाचा आराखडा परदेशी ग्राहकाला ईमेलने पाठवणे हीसुद्धा निर्यातच ठरते.

३. खर्च कसा वाढतो? एक उदाहरण

समजा, जिगणीतील एका लघुउद्योजकाने २ कोटी रुपयांचे नियंत्रित मशीन मागवले आणि ३० टक्के, म्हणजे ६० लाख रुपये आगाऊ भरले. (सर्व आकडे काल्पनिक आहेत.) परदेशी परवाना मिळायला सहा महिने उशीर झाला.

• आगाऊ रकमेवर १२ टक्के दराने सहा महिन्यांचे व्याज: ३.६ लाख रुपये
• मशीनसाठी घेतलेल्या शेडचे भाडे, दरमहा ४० हजार रुपये: २.४ लाख रुपये
• अंतिम वापराचे प्रमाणपत्र व इतर कागदपत्रे: १ लाख रुपये

एकूण वाढीव खर्च ७ लाख, म्हणजे किमतीच्या ३.५ टक्के झाला. हातची गेलेली ऑर्डर यात धरलेलीच नाही. आता कागदपत्रांचा खर्च पाहा. तो बऱ्याच अंशी स्थिर खर्च आहे. दहा मशीन घेणाऱ्या मोठ्या कंपनीला तो दसपट येत नाही, कारण तिच्याकडे परवान्यांचे काम पाहणारा स्वतंत्र विभाग असतो. म्हणून एकच नियम छोट्या उद्योगाला प्रमाणाने जास्त महाग पडतो.

याशिवाय अनिश्चितता हाही एक खर्चच आहे. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये प्रगत एआय चिप्सच्या निर्यातीसाठी देशांची वर्गवारी करणारा नियम काढला आणि मे महिन्यात तो मागे घेत असल्याचे जाहीर केले. दरम्यानच्या काळात गुंतवणुकीचा निर्णय घेणाऱ्याने कोणता आकडा धरून हिशेब करायचा?

४. नकारातून स्वावलंबन?

नियंत्रणांमुळे देशी तंत्रज्ञानाला चालना मिळते, असे आपल्याकडे नेहमी म्हटले जाते. दोन प्रसंगांवरून ते तपासू.

(अ) परम संगणक. १९८० च्या दशकात प्रगत महासंगणक मिळवताना भारताला अमेरिकी निर्बंधांचा अडथळा आला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. मात्र त्यातील प्रोसेसर ब्रिटिश बनावटीचे होते. देशी होती ती संगणकाची रचना आणि सॉफ्टवेअर. म्हणजेच नियंत्रण पूर्ण नव्हते. सुटे भाग खुल्या बाजारात मिळत होते, म्हणून पर्याय लवकर उभा राहिला.

(आ) क्रायोजेनिक इंजिन. इस्रोने १९९१ मध्ये रशियाच्या ग्लावकॉसमॉसशी करार केला. मे १९९२ मध्ये अमेरिकेने दोन्ही संस्थांवर निर्बंध लादले. १९९३ मध्ये करार बदलला. तयार इंजिने मिळणार होती, पण तंत्रज्ञान नाही. देशी क्रायोजेनिक इंजिनासह जीएसएलव्हीचे पहिले यशस्वी उड्डाण ५ जानेवारी २०१४ रोजी झाले. मधल्या काळात जड दळणवळण उपग्रहांसाठी परदेशी एरियन रॉकेटचे भाडे मोजावे लागले. हा संधी खर्च यशाच्या हिशेबात धरलाच पाहिजे.

दोन्ही ठिकाणी शिकण्याचा खर्च सरकारी तिजोरीने उचलला. जिगणीतील मशीन शॉपला वीस वर्षे थांबता येत नाही.

५. विक्रेत्याचे नुकसान

पुरवठा नाकारणारा देशही काही गमावतो. ग्राहक दुसऱ्या देशाकडे वळतो किंवा स्वतः वस्तू बनवू लागतो, आणि गेलेली बाजारपेठ सहज परतत नाही. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने अनेक भारतीय संस्था नियंत्रण यादीत टाकल्या. इस्रो व डीआरडीओच्या संस्था २०११ मध्ये तिच्यातून वगळल्या गेल्या.

६. सारांश

नियंत्रणामागील सुरक्षेचा हेतू खरा आहे, म्हणूनच भारतानेही ती स्वीकारली. परंतु खर्चाची वाटणी समान नाही. ज्याच्याकडे भांडवल, वेळ आणि पर्यायी पुरवठादार आहेत तो तग धरतो. म्हणून छोट्या निर्यातदाराला सोपी नियमावली, ठरलेल्या मुदतीत निर्णय आणि वर्गीकरणासाठी मोफत सल्ला देणे ही मेहेरबानी नसून बाजारातील असमतोल दुरुस्त करणे आहे.

७. स्वाध्याय

१. वरील उदाहरणात उशीर तीन महिन्यांचा धरून वाढीव खर्च काढा. कोणती बाब बदलत नाही? का?
२. परम आणि क्रायोजेनिक इंजिन यांना लागलेल्या वेळेतील फरकाची कारणे पर्यायी पुरवठ्याच्या उपलब्धतेच्या आधारे स्पष्ट करा.
३. आपल्या परिसरातील एक उद्योग निवडून त्यातील कोणती साधने दुहेरी वापराची ठरू शकतील, ते लिहा.