एकसरचे वीरगळ आणि छायाचित्राखालची ओळ
(कलेतिहासाची नवी साधने : लेखांक ६)

संग्रहालयातील वस्तूचे छायाचित्र आणि तिची माहिती एकत्र नोंदवणारी, पुण्याच्या सी-डॅकने घडवलेली ‘जतन’ ही प्रणाली आपण मागच्या आठवड्यात पाहिली. पण ज्या शिल्पांनी संग्रहालयाचा उंबरा कधी ओलांडलाच नाही, त्यांचे काय? हा प्रश्न कांदिवली-बोरिवलीच्या वाचकाला अगदी जवळचा आहे.

आकुर्ली आज मेट्रोचे स्थानक म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात मात्र आकुर्लीची नोंद येते ती काळ्या दगडाच्या एका मोठ्या टेकाडामुळे. त्यावर ओबडधोबड कोरलेल्या आकृत्या आणि सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची अक्षरे असल्याचे तिथे म्हटले आहे. त्याच गॅझेटिअरात बोरिवली पश्चिमेच्या एकसर गावातील सहा वीरगळांचे, म्हणजे वीरांच्या स्मृतिशिळांचे, वर्णन आहे आणि ते फारच तपशीलवार आहे. शिळांची मापे दिली आहेत. खालच्या पट्टीत युद्ध, वर वीराला नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर कलश, असा चढता क्रम शिळेगणिक नोंदवला आहे. काही शिळांवर वल्ही मारत लढाईला निघालेली गलबते आहेत. पुढे हेन्री कझिन्स यांनी या नाविक युद्धाचा संबंध शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्या तेराव्या शतकातील संघर्षाशी जोडला. गॅझेटिअरने मात्र या शिळा अकराव्या शतकातल्या मानल्या होत्या. असा वाद सुटायला शस्त्रे, गलबतांची घडण, वेशभूषा हे सारे बारकाईने पाहावे लागते, आणि त्यासाठी चांगली छायाचित्रे लागतात.

उघड्यावरचे कोरीवकाम झिजत जाते. भर दुपारी समोरून फोटो काढला तर उथळ रेषा दिसतच नाहीत. सकाळ-संध्याकाळच्या किंवा विजेरीच्या तिरप्या उजेडात त्याच रेषा सावलीमुळे उठून येतात. दुसरी पद्धत फोटोग्रॅमेट्रीची. शिळेभोवती फिरत, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून अधिक भाग येईल असे बरेच फोटो काढायचे. त्यांतील समान खुणा जुळवून संगणक शिळेची त्रिमित प्रतिकृती उभी करतो. मात्र नुसत्या फोटोंवरून शिळा दोन फुटांची की दहा फुटांची, हे त्याला कळत नाही. म्हणून शेजारी मोजपट्टी ठेवायची.

आणि इथेच खरी मेख आहे. रोज असंख्य फोटो निघतात, पण ‘मुंबईतील प्राचीन शिल्प’ एवढ्याच ओळीसह फिरणारा फोटो अभ्यासकाच्या काहीच कामाचा नाही. शिळा कुठली, पट्टी कितवी, तोंड कोणत्या दिशेला, माप किती, फोटो कधीचा आणि कोणी काढला, हे सोबत असेल तरच १८८२ चे वर्णन आणि आजचा फोटो शेजारी ठेवून काय झिजले, काय नाहीसे झाले हे सांगता येते. छायाचित्राला पुराव्याचे मोल येते ते या नोंदीमुळे.

अशी नोंद टिकायलाही हवी. प्रती एकाच जागी ठेवण्यातला धोका अजिंठ्याने दोनदा दाखवला आहे. तिथल्या भित्तिचित्रांच्या रॉबर्ट गिल यांनी केलेल्या प्रतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह वर्षानुवर्षे खपून पुन्हा प्रती केल्या, त्यांतल्याही अनेक १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीने नेल्या. संगणकावरच्या फाइलीलाही हाच नियम लागू आहे. डिस्क बिघडते, संकेतस्थळ बंद पडते. म्हणून किमान तीन प्रती हव्यात, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी.

आपल्या वस्तीतील वीरगळ, लेख, जुन्या मूर्ती यांची अशी नोंद शाळा-महाविद्यालयांनी आजपासून ठेवायला घ्यावी. शिळेवर तेल, पाणी वा खडू न लावता, फक्त उजेड, मोजपट्टी आणि वही घेऊन.

(पुढील लेखांक : मंडपेश्वरची लेणी)