बांधीतल्या मातीतलं औषध

धानाच्या पानाची कड टोकापासून पिवळी पडत खाली सरकू लागली, की भंडारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कडा करपा ओळखू येतो. शंका असेल तर रोगट पानाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरावा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधी धार उतरते. ती झॅन्थोमोनास जीवाणूंची. मग कृषी केंद्रातून स्ट्रेप्टोसायक्लीनची पुडी येते आणि फवारणीच्या पंपात पडते.

त्या पुडीत 90 टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि 10 टक्के टेट्रासायक्लीन असतं. दोन्ही माणसांची औषधं, आणि दोन्ही मूळची मातीतली. 1943 साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात अल्बर्ट शॅट्झ आणि सेल्मन वाक्समन यांना मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीस जीवाणूकडून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, आणि क्षयरोगावर पहिलं गुणकारी प्रतिजैविक हाती आलं. पहिल्या पावसाचा मातीचा वास येतो तोही मुख्यतः याच कुळामुळे.

आपल्याकडे मातीतून औषध शोधण्याची परंपरा पिंपरीत रुजली. 1954 साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी पिंपरीच्याच मातीतून एक स्ट्रेप्टोमायसीस वेगळा काढला. गावावरून त्याला ‘पिंप्रिना’ नाव दिलं. त्यापासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध निघालं. पुढे पिकांच्या बुरशीसाठी ऑरिओफंजिनही आलं. सरकारी कारखान्यात, कामाच्या धबडग्यात झालेलं हे संशोधन शाळेच्या पुस्तकात असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

शोधाची रीत अवघड नाही, चिकाटी मात्र लागते. माती काही दिवस वाळवायची. बरेच जीवाणू मरतात, स्ट्रेप्टोमायसीसचे बीजाणू टिकतात. मग निर्जंतुक पाण्यात पायरीपायरीने ती पातळ करून अगरच्या बशीवर पसरायची. आठवडा-दोन आठवड्यांनी खडूच्या भुकटीसारख्या, कोरड्या, राखाडी-पांढऱ्या वसाहती उठतात. त्यांच्या शेजारी रोगजंतू वाढवून पाहायचे. वसाहतीभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ दिसलं, की काळीज धडधडतं. पण बहुतेकदा तपासणीत जुनंच औषध निघतं, आणि नवं शोधणाऱ्यांचा उत्साह इथेच ओसरतो.

शिवाय मातीतल्या जीवाणूंपैकी फारच थोडे बशीत वाढतात. म्हणून बोस्टनच्या किम लुईस आणि स्लाव्हा एप्स्टाइन या शास्त्रज्ञांनी असे न वाढणारे जीवाणू मातीतच, बारीक छिद्रांच्या पट्टीत बंद करून वाढवले. 2015 साली त्यातून टेक्सोबॅक्टिन हे नवं प्रतिजैविक जाहीर झालं. ओळखीच्या जीवाणूंतही बरंच दडलेलं असतं. 2002 साली स्ट्रेप्टोमायसीस सीलिकलर या जीवाणूचा जनुकीय आराखडा वाचला, तेव्हा वीसहून अधिक रसायनांच्या कृती त्यात दडलेल्या सापडल्या. प्रयोगशाळेत त्यांपैकी बऱ्याच गप्प असतात; शेजारी दुसरा जीवाणू आला की काही जाग्या होतात.

भंडाऱ्याची कन्हार, मोरंड, सिहार माती, मालगुजारी तलाव आणि बोड्यांचा (लहान तळ्यांचा) गाळ, पावसाळ्यात पाण्याखाली आणि उन्हाळ्यात भेगाळलेल्या धानाच्या बांध्या: इतक्या वेगवेगळ्या परिस्थितीत जगणारे जीवाणू धुंडाळण्याजोगे आहेत. हे काम जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळांतही सुरू करता येईल. मात्र त्याच बांध्यांवर आपण स्ट्रेप्टोमायसिन फवारत राहिलो, तर त्याला न जुमानणारे जीवाणूच तिथे वाढत जातील. म्हणूनच 2021च्या डिसेंबरात केंद्र सरकारने स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लीनच्या शेतीतल्या वापरावर बंदीचा मसुदा काढला. कडा करप्यासाठी प्रतिकारक वाण आणि बेताचं नत्र हे उपाय पुडीआधी सुचवायला हवेत.