चित्तोडची राणी पॅरिसच्या रंगमंचावर

'कारमेन' पाहायला जाणाऱ्याला शेवट ठाऊक असतो, निम्म्या चालीही. क्वचितच उभ्या राहणाऱ्या ऑपेराचा थरार वेगळाच, कारण तिथे पुढचा सूर कोणता येणार याचा अंदाज नसतो. आल्बेर रूसेलच्या 'पद्मावती' या फ्रेंच ऑपेराने तर आपली मोठीच पंचाईत केली आहे. चित्तोड, रतनसेन, अल्लाउद्दीन... कथा पाठ आहे म्हणून आपण निर्धास्त असतो आणि दुसऱ्या अंकात पायाखालची जमीनच सरकते.

रूसेल मूळचा फ्रेंच आरमारातला अधिकारी. १९०९मध्ये लग्नानंतर तो पत्नीसह भारतात आला, चित्तोडचे भग्न वाडे त्याने पाहिले. वेरूळच्या लेण्यांनी तर त्याला असं झपाटलं, की 'एव्होकासियों' या वाद्यवृंदरचनेचा पहिला भाग त्यातूनच जन्मला. पुढे पॅरिस ऑपेराची सूत्रं घेणाऱ्या जाक रूशेने नवी कृती मागितली, तेव्हा चित्तोड वर आलं. संहिता लुई लालुआची. मधे महायुद्ध आलं, रूसेल स्वतः युद्धावर गेला. पहिला प्रयोग झाला १ जून १९२३ रोजी.

पहिल्या अंकात बराच वेळ पद्मावती फक्त दुसऱ्यांच्या तोंडून कळते. तिच्या रूपाचं वर्णन एक तरुणी गाते आणि त्या चालीत आपल्या रागांची वळणं चक्क ओळखू येतात. फरक एवढाच की आपल्याकडे तो सूर तंबोऱ्यावर टेकला असता, इथे त्याच्याखाली सबंध पाश्चात्त्य वाद्यवृंद दाट सुरावटी रचत असतो. दोन्ही एकमेकांत मिसळतात, तरी कुणी कुणाला गिळत नाही. मला हे फार विलक्षण वाटतं.

दुसरा अंक शिवमंदिरात. रात्र, बाहेर शत्रू. नगर वाचवायचं तर तू सुलतानाकडे जा, असं खुद्द रतनसेनच तिला सांगतो! ती नकार देते, तो हट्ट धरतो. हे पाप नवऱ्याच्या माथी लागू नये म्हणून ती त्यालाच भोसकते. म्हणजे आता तिलाही चितेवर चढावं लागणार, आणि हे तिला पुरतं माहीत असतं.

असा ऑपेरा वारंवार का होत नाही? तो ऑपेरा-बॅले आहे. गायक, प्रचंड कोरस आणि नर्तकांचा ताफा असं सगळं लागतं, आणि कृती तर जेमतेम दोन अंकांची. २००८मध्ये पॅरिसच्या शात्ले नाट्यगृहाने तो उभा केला, दिग्दर्शक होते मुंबईचे संजय लीला भन्साळी. रंगमंचावर खराखुरा हत्ती आला. दहा वर्षांनी त्यांच्याच 'पद्मावत' चित्रपटात मात्र राजा राणीच्या हातून नव्हे, शत्रूच्या बाणांनी पडला. प्रयोग पाहायला मिळेपर्यंत मिशेल प्लासोंच्या संचालनातलं ध्वनिमुद्रण ऐकावं. त्यात पद्मावती गायली आहे मेरिलिन हॉर्न.